निळ्या खुणेची प्लेट

प्रयोगशाळेतल्या थंड पेटीचं दार उघडलं आणि गरम हवा तोंडावर आली. आतला तापमानाचा काटा अडतीसवर होता. तो पंचवीसवर असायला हवा. प्लग फरशीवर पडला होता, आणि तो मीच काढला होता.

मे महिन्यातला शनिवार. सकाळी अकराला अवकाळी वीज कडाडली. मागच्या वर्षी अशाच विजेने माझ्या घरचा टीव्ही जळला, तेव्हापासून आभाळ वाजलं की मी दिसेल तो प्लग काढते. यवतमाळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा झाडायचं, काचा धुवायचं काम मी करत होते. निघताना माझा क्रम ठरलेला. गॅस, नळ, खिडक्या, मग थंड पेटीचा काटा, मग कुलूप. त्या दिवशी पाऊस आत यायला लागला म्हणून खिडक्या आधी लावल्या, गॅस-नळ पाहिला आणि सरळ कुलूप घातलं. पाऊस दहा मिनिटांचा. पुन्हा तेच ऊन. चार वाजता घरी चहा पिताना आठवलं. कप तसाच ठेवून आले.

पेटीत एका मुलीचं यीस्ट होतं. यीस्ट म्हणजे पाव फुगवतं ते खमीर. मुलगी फुलसावंगीची, तीन वर्षं त्याच्यावर संशोधन करत होती. तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं, यंदा हे संशोधन संपलं नाही तर लग्न. मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून तिने यीस्ट वाढवायच्या प्लेटांवर माझ्यासाठी लाल आणि निळी खूण केली होती. दोन्ही जाती तिने इथेच तयार केलेल्या. दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

प्लग लावला. पेटी घरघरली. तासाभरात काटा खाली आला असता, मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. हा विचार मी केला, खोटं कशाला सांगू. पण मग ती पोरगी मेलेल्या प्लेटा घेऊन बसली असती आणि स्वतःचीच चूक शोधत राहिली असती. मी फोन लावला. ती गावी गेली होती.

“मावशी, प्लग कायले काढला तुम्ही?”

“वीज कडकडून राह्यली होती.”

“मंग परत काहून नाही लावला?”

“इसरली.”

 

“काटा किती आहे?”

“अडतीस.”

“पेटी थंड व्हायले तास लागते. तिथं थंड जागा कुठी आहे?”

“पाण्याच्या रांजणापाशी. ओलं पोतं हाय.”

“तिथं ठेवा. झाकणं उघडू नका.”

प्लेटा पिशवीत बांधून ओल्या पोत्याखाली ठेवल्या. चौकीदार दारात येऊन उभा राहिला.

“काय मावशी, आता जिलेबी घालता काय त्याची?”

“तुह्या तेरवीले घालीन.”

बोलले आणि पोत्यावर आणखी पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने आली.  काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि बाजूला सरकली. “पाहा.”

लाल खुणेचं यीस्ट होतं. सगळ्यांचा आकार एकच. दोन सारखे गोळे चिकटलेले, भुईमुगाच्या शेंगेसारखे.

“हे थांबले,” ती म्हणाली. “एकाचे दोन होताना क्रम असते, मावशी. आधी अंकुर फुटते. आतल्या धाग्याची नक्कल होते. नक्कल धड आहे काय, ते पाहिल्या जाते. मंगच धागे दोन्हीकडे जातात आन् दोघं सुटतात. या दोन्ही जातीत गरमीनं धागा तुटते. तुटला की आतला राखणदार सांगते, थांब, धागा सांधला की मंग जाय.”

“आन् निळ्यात?”

“निळ्यातला राखणदार मीच काढला. त्याच्याबिगर काय होते, तेच तं पाहाचं होतं मले.”

निळ्यात शेंगा कमीच होत्या. वाकडेतिकडे, सुटे गोळे. ते थांबलेच नव्हते. तुटका धागा घेऊन पुढे गेले होते.

“मंग मेले?”

“बरेच. एक जरी वाचला तरी पुरे. एकाचे लाख होतात.”

“आन् नाही वाचला तं?”

“तं बाबा जिंकले.”

तिने दोन्ही जातींचं यीस्ट नव्या प्लेटांवर पसरवलं आणि पेटीत ठेवलं. तीन दिवस लागणार होते. त्या तीन दिवसांत मी काटा किती वेळा पाहिला, सांगता येत नाही. रात्री घरी पंखा बंद पडला तरी दचकत होते. दुसऱ्या दिवशी लाल प्लेटवर पांढरे ठिपके उठले. निळी कोरी. मी मुलीकडे पाहणं टाळलं, तिने माझ्याकडे.

बुधवारी सकाळी ती पेटीसमोर उभी होती. दार उघडत नव्हती.

“तुम्हीच काढा, मावशी. माह्यानं होत नाही.”

लाल प्लेट ठिपक्यांनी गच्च भरली होती. निळी मी खिडकीच्या उजेडाकडे धरली. काठाशी एक ठिपका होता, मोहरीएवढा. दुसरा शोधला. नव्हता.

लाल खुणेचे जवळजवळ सगळे जगले. निळ्यातला एक जगला.