खड्ड्याला तांब्याभर पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणं. तिचे गुडघे धरले होते, म्हणून तांब्या माझ्या हातात. ओतून झाल्यावर आमची कारभारीण कण्हत वाकली, मातीत बोट खुपसलं आणि म्हणाली, "अर्धं भाईर सांडलं. तुमच्यावर काय भरवसा?" मग चहा प्यायलो.

तिचा भरवसा कुणावरच नव्हता. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, आणि विजेवर तर मुळीच नाही. तिची थोरली बहीण ओल्या हातानं पाण्याची मोटार चालू करायला गेली आणि तिथंच संपली. तेव्हापासून ही पायात चप्पल असल्याशिवाय बटणाला हात लावायची नाही.

परंदवडीच्या घरात स्वयंपाकघर नवं करायचं निघालं. सुनेला मिक्सर, फ्रिज, ओव्हन सगळं पाहिजे. सून कामाची, पण हात पुसायची सवय नाही. कारभारणीला तीच धास्ती. कामशेतहून वायरमन आला, तशी ही पाट टाकून समोर बसली.

"मावशी, आराम करा की जरा."

"तू काम कर. मी बघते."

त्यानं नळाशेजारी प्लगचा पॉइंट काढला. "हितं न्हाई. पाणी उडतंय. तिकडं ने." फ्रिज आणि ओव्हन एकाच वायरवर घेतले. "रेडा आन शेळी एका दाव्याला बांधतो का रं?" मी म्हटलं, अगं, त्याचं त्याला कळतं. तर माझ्यावरच डोळे वटारले, "तुमचं आन त्याचं काय ठरलंय?"

शेवटी प्लगच्या वरच्या मोठ्या भोकावर आली. "ह्यात वायर हाय, का नुसतंच भोक?"

"हाय की, मावशी."

"उघडून दाव."

उघडलं. हिरवी वायर आत होती, पण तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. वायरमन म्हणाला, "सगळीकडं असंच चालतंय."

"मंग तुज्या आईच्या घरी चालव."

मागं खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, वायर तिथवर नेली, तेव्हा कुठं तिनं नव्या ओट्यावर चहा ठेवला. खड्डा ओला ठेवा, म्हणजे सुटलेला करंट जमिनीत जातो, एवढं तो जाता जाता बोलला. ते हिनं धरून ठेवलं. रोज सकाळी तुळशीला एक तांब्या, खड्ड्याला एक. शेजारणी हसायच्या, "मावशीनं नवा देव बसवला." तुंगार्लीला लेकीकडं राहायला गेली की फोनवर पहिलं विचारायची, पाणी घातलं का? मी व्हय म्हणायचो. परत आली की पाय धुवायच्या आधी खड्ड्यात बोट.

एकदा सुनेनं ओलाच हात मिक्सरला लावला. मिक्सर आतून बिघडलेला. मीटरच्या पेटीतलं बटण खटकन पडलं, घरातली लाईट गेली. सून नुसती दचकली. कारभारणीनं तिच्या हातात टॉवेल दिला.

त्या शेवटच्या चहानंतर दुपारी ती जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मी त्याला दोनदा विचारलं, शॉक तर नाही ना?

संध्याकाळी तिला नेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या भरून तुळशीकडं निघालो, तर सून म्हणाली, "आबा, सुतक हाय. तुळशीला आपण न्हाई घालायचं."

मी मागं गेलो. खड्ड्याला कसलं सुतक? सगळा तांब्या सावकाश ओतला. मग वाकलो आणि मातीत बोट घालून बघितलं.