शेवटच्या कडव्याबाबत नोटीस

आमच्याकडच्या गायन पार्ट्यांत गीत लिहिणारा आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. दस्तावर सही असते, गाण्यात हे कडवे असते. वाशीमच्या न्यायालयाबाहेर लोकांचे अर्ज लिहिण्यात माझे आयुष्य गेले आहे. सहीवाचून दस्ताची काय गत होते, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका गायकाच्या निवडक गाण्यांचा संच पेनड्राइव्हवर विकायला आला. गाणी बारा, आणि बाराही माझ्या थोरल्या भावाची. भाऊ किन्हीराजाला असतो. दृष्टी जवळजवळ गेली आहे, पाय उचलत नाहीत. अंगणातल्या बाजेवर पडून ऐकणे, एवढेच त्याला उरले आहे.

मी दुपारीच त्याच्याकडे पोहोचलो आणि स्पीकर उशाशी ठेवला. तुरीच्या शेतावरून झोपाळू, पिवळे ऊन येत होते. आवाज अंगणात पसरला आणि मला वाटले, भाऊ, मी आणि हा गायक पुन्हा बैलगाडीत बसून कुठल्याशा गावच्या जयंतीला निघालो आहोत. ढोलकी माझ्या मांडीवर आहे, रस्ता संपत नाही, आणि तो संपावा असे कोणालाच वाटत नाही. भावाचे ओठ हलत होते. तिसरे कडवे झाले. चौथ्यासाठी, नावाच्या कडव्यासाठी, त्याने मान किंचित उचलली. गाणे थांबले होते.

बाराही गाण्यांना तेच.

"माह्यं नाव काहून काढलं रे त्यानं?"

"मशीनची चूक असंन, दादा."

"बारा खेपा?" तो हसला नाही. "मी गेल्यावर ही गानी कोनाची म्हनतीन लोकं?"

त्याच संध्याकाळी मी नोटीस लिहिली. लेखकाचे नाव वगळणे हा त्याच्या हक्काचा भंग आहे, असे पाच परिच्छेदांत मांडले आणि सकाळी ती घेऊन स्वतःच गायकाच्या दारात उभा राहिलो.

"या, वकीलसाहेब! सनद कवा भेटली?"

"थट्टा नको. शेवटचे कडवे कोणी कापले?"

"कापलं नाई. गायलोच नाई."

त्याने नोटीस पुरती वाचली, घडी केली आणि मला परत दिली. मग म्हणाला, "तीन कडव्यांत माह्यावाला दम सरते. चौथं सुरू केलं का खोकला. स्टुडिओवाल्याले सांगतलं, गानं एवढंच आहे. लाज वाटली."

"मग मधले सोडायचे होते."

"मधलं सोडलं तर गोष्ट तुटते, भाऊ. तुमच्या दादाचंच लिहिनं आहे ते. तुमीच सांगा कोनतं सोडू."

"ते दादालाच येऊन सांगा," मी म्हणालो.

तो मफलर गुंडाळून माझ्याबरोबर ऑटोत बसला. किन्हीराजाला भावाच्या बाजेच्या काठावर टेकून त्याने फक्त शेवटची कडवी गायली. एक कडवे, मग दम, मग दुसरे. प्रत्येक विश्रांतीत शेताकडचा वारा ऐकू येई. माझ्या भावाचे नाव त्या अंगणात येत होते, विरत होते, पुन्हा येत होते. जणू दूरच्या बांधावरून कोणी त्याला सावकाश हाक मारत होते.

सातव्या गाण्याच्या कडव्यात गायक अडला. ओळ भावाने पुरी केली.

"आवाज बसला तुहा," भाऊ म्हणाला.

"तुहे डोळे तरी कोठी राह्यले?"

दोघेही हसले आणि दोघांनाही खोकला आला.

नोटीस मी मागे घेतली नाही; ती स्टुडिओच्या पत्त्यावर रवाना केली. हक्कभंगाचे परिच्छेद तेवढे काढले आणि मागणी नव्याने लिहिली: बाराही शेवटची कडवी किन्हीराजाच्या अंगणात येऊन ध्वनिमुद्रित करून संचात जोडावीत, आणि दोन कडव्यांमध्ये घेतलेला दम कोणत्याही कारणास्तव कापू नये.

सहीची जागा दिसत नाही, म्हणून भावाचा अंगठा मी स्वतः घेतला. गायकाने त्याखाली सही केली.