दादा कामी आला

मोडी कागद वाचणाऱ्याला एक खोड लागते. शब्द दिसला की त्याचा जुना अर्थच आधी मनात येतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी इकडे हिंदी मुलखात, बालाजी घाटाजवळच्या आमच्या घरी जुन्या मराठी पत्रांच्या नकला करत बसतो. त्यांत लढाईत माणूस पडला की 'मेला' असं सहसा कुणी लिहीत नाही, 'कामी आला' असं लिहितात.

त्या दिवशी सकाळी घरातल्या चौघांच्या ग्रुपवर मुलीने एक फोटो टाकला. फौजी वर्दीतला माझा मुलगा, हेल्मेट तिरकं, गालांवर चिखल, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. खाली तिने लिहिलं होतं, 'दादा कामी आला.'

मुलगा खरोखरच सरहद्दीवर होता. नऊ दिवस त्याचा फोन नव्हता.

मुलीला फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. ती विद्यापीठात, वर्गात होती. मुलाचा लागलाच नाही. अशी बातमी बहिणीला आधी कशी कळेल, आणि ती फोटोसकट कशी धाडेल, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण माझी अक्कल तेव्हा चरायला गेली होती.

बायको स्वयंपाकघरात मुलासाठी मेथीचे लाडू वळत होती. त्याच्या पलटणीतला एकजण सुट्टी संपवून परत निघाला होता, त्याच्या हाती द्यायचे होते. तिचा मोबाइल फ्रिजवर चार्जिंगला होता. मी तो गुपचूप काढून खिशात घातला. तिने एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि फार कडू झालाय का विचारलं. मी तिच्यासमोर उभा राहून तो अख्खा खाल्ला. चव कळली नाही. छान झालाय म्हटलं.

पाऊण तासाने मुलीचा फोन आला.

"बाबा, इतके मिस कॉल? क्या हुआ?"

"दादा..."

"अरे बाबा, तो मीम आहे. दादाच्या पिक्चरमधला. आमच्या सरांनी परीक्षेची तारीख अलीकडे आणली, तर मी वर्गाच्या ग्रुपवर तोच फोटो टाकला, सगळे खूप हसले. दादा काम आया, उपयोगी पडला, म्हणून लिहिलं."

मग मला आठवलं. मुलगा कॉलेजात असताना रामनगरच्या बाजूच्या वाळूत एका युद्धपटाचं शूटिंग झालं होतं, आणि हा गर्दीतला शिपाई म्हणून दोन दिवस तिथे पळाला होता. पिक्चर पडला. नंतर कुणीतरी त्यातल्या एका दृश्यातला पुढचा नायक कापून टाकला, मागचा आमचा घाबरलेला मुलगा तेवढा ठेवला आणि खाली लिहिलं, 'पेपर कल है?' तेव्हापासून ज्याला धडकी भरते तो हाच चेहरा पाठवतो. सासू येणार, साहेबाने बोलावलं, कशालाही चालतो.

मुलीला मी नको ते बोललो. घरी मराठी बोल म्हणून तिच्या मागे मीच लागलो होतो, हेही तिने ऐकवलं. बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा तिने फोन मागून घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "हेल्मेट मोठं होतंय त्याला."

मीम समजला तरी माझी भीती गेली नाही. मुलाचा फोन यायला आणखी सहा दिवस लागले, आणि ते सहाही दिवस मी तो शब्द नकलेत आला की पान उलटत होतो.

मुलाला मीम आधीच माहीत होता. त्याच्या पलटणीतही तो फिरतो. एवढा अभिनय कुठे शिकलास, मी गमतीने विचारलं.

"अभिनय कसला, बाबा. शूटिंगचा बारूद एक-दो-तीनच्या गिनतीआधीच फुटला. खरंच घाबरलो होतो." मग तो म्हणाला, "इथे तसं तोंड करता येत नाही."

लाडू पोचले का, एवढंच मी विचारलं.