एका हाकेला ओ

शिरूर अनंतपाळच्या शिवारात, विहिरीलगतच्या खोपीत व्यंकट राहायचा. राहायचा म्हणजे ठेवला होता. मोगलाईतल्या हकिमानं नाडी धरून ‘तपेदिक’, म्हणजे क्षय, म्हटलं, अन् थोरल्या भावानं, शेषेरावानं, त्याच दिवशी त्याची बाज, वाकळ आणि जर्मनचं ताट शेतात पोचवलं. एवढी तातडी व्यंकटच्या लग्नासाठी कधी कुणी दाखवली नव्हती.

तिन्हीसांजेला भावजय सिंधु यायची, बांधावरच्या दगडावर भाकरी ठेवायची अन् पाठ फिरवायची. व्यंकटला भाकरीपेक्षा भूक होती ती कुणीतरी ‘ओ’ देण्याची. “वहिनी!” तो हाक मारायचा. पण एका हाकेतच छातीतला वारा सरायचा. पुढं नुसता खोकला. आणि तिन्हीसांजेची एकुलती हाक माणसाची नसते, तिला ओ दिली की ती आपल्याला घेऊन जाते, हे गावात पाळण्यातल्या पोराला ठाऊक. माणूस कसा, तीनदा हाक मारतो. सिंधु कानावर पदर ओढून झपझप चालू लागायची. जिवंतपणीच भुतांत जमा झालेला व्यंकट हसायचा, अन् हसलं की पुन्हा खोकायचा.

एकदा त्याला युक्ती सुचली. विहिरीच्या काठावर पालथं पडून त्यानं आत हाक सोडली. विहिरीनं ती दोनदा परत केली. झाल्या की तीन!

“ओ, भावजी!” सिंधु बांधावरून म्हणाली.

मग रोजच गप्पा सुरू झाल्या. बोलायची ती, हा नुसता हात हलवायचा. “म्हशीला रेडा झालाय, भावजी. तुमच्यावरच गेलाय. नुसता पडून ऱ्हातो.”

शेषेरावाला कळलं तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. “त्यातली एक हाक व्यंकटची. बाकीच्या दोन कुणाच्या गं? तू ओ दिलीस कुणाला?”

दुसऱ्या दिवसापासून सिंधु पुन्हा भाकरी ठेवून पाठ फिरवू लागली. बांध पुन्हा मुका झाला. व्यंकट विहिरीत हाका सोडत राहिला, आणि मग त्याला बाजेवरून उठणंच होईना.

त्या संध्याकाळी सिंधु आली तर कालची भाकरी दगडावर तशीच, मुंग्या लागलेली. ती थबकली. व्यंकटला ती खोपीच्या दारातून दिसत होती. त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

आणि विहिरीतून हाक आली. “वहिनी!” थेट त्याच्याच आवाजात. एकदाच.

व्यंकटच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या ‘ओ’साठी इतके दिवस जीव टाकला, ती आता येऊ नये म्हणून तो मनातल्या मनात ओरडत होता. देऊ नका, वहिनी. देऊ नका.

सिंधुनं कानावरचा पदर मागं सारला. मग तिनं बांध ओलांडला.

“ओ. आले.”

खोपीत वाकून शिरत तिनं विचारलं, “भावजी, तुम्हीच हाक मारली न्हवं?”

त्यानं मान हलवली. नाही.

तिनं एकवार विहिरीकडं पाहिलं. “न्हाई? मग ज्यानं मारली त्याचं भलं होवो. घरच्यांपरीस त्याला कळवळा हाय.” आणि तिनं त्याच्या मानेखाली हात घातला. “तोंड उघडा. घोटभर पाणी घ्या.”