सेनगावची उंच माणसं

मराठवाड्यातल्या माणसांची उंची औषधपाण्याशिवाय कुणी वाढवली असेल, तर ती आमच्या साडूंनी. सेनगावला तहसिलीत कारकून असलेल्या या गृहस्थांनी नांदेडहून एक हँडीकॅम आणला आणि त्यावर ‘वाइड’ असं लिहिलेलं बटण त्यांना सापडलं. ते कशाचं आहे हे कुणाला विचारण्याइतके ते सामान्य नव्हते. “कंपनीनं बटन दिलंय म्हनल्यावर दाबायलाच पायजे,” असं म्हणून त्यांनी ते कायमचं दाबून ठेवलं. त्यानंतर नात्यातलं एकही बारसं त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. संगणकासमोर दुपार दुपार बसून, वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून ते डीव्हीडी तयार करत आणि घरोघरी स्वतः नेऊन देत. त्या डीव्हीडीत आमचं सगळं गणगोत वेळूसारखं उभट दिसे. पोळ्याच्या चित्रणात तर बैलांचे उंट झाले होते. माझ्या बायकोच्या सडपातळपणाबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. ती मात्र भाच्याच्या बारशाची डीव्हीडी येईल त्या पाहुण्याला लावून दाखवू लागली.

यात काहीतरी चुकतंय हे साडूंना दिसत होतं. फक्त चूक आपली असेल ही शक्यता त्यांनी विचारातच घेतली नव्हती. पिशवीभर वायरी घेऊन ते जीपने हिंगोलीला आमच्याकडे येत आणि चहा घेण्याआधी टीव्हीमागे उकिडवे बसत. “तुमच्या टीव्हीलाच तकलीफ हाय, साडूभाऊ,” हा त्यांचा पहिला निकाल. टीव्ही निर्दोष सुटल्यावर वायर आरोपी झाली, मग कोरी डिस्क, आणि शेवटी वीज. “दाब कमी असल्यावर मानसं बारीक दिसनारच,” हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी मान डोलावली. मग त्यांनी गोल वस्तू गोल दिसते का हे तपासायचं ठरवलं आणि सेनगावला आपल्याच स्वयंपाकघरातली परात अंगणात भिंतीला टेकवून तिचं चित्रण आरंभलं. पडद्यावर परात कोंबडीच्या अंड्यासारखी उभी राहिली. “परात तुमी उन्हात उभी केली, आता भाकरी कशात करू?” एवढीच शंका माझ्या मेव्हणीने विचारली. संशोधकाच्या घरात अशा शंकांना उत्तर नसतं.

हे संशोधन चालू असतानाच त्यांच्या मुलीसाठी, वर्षासाठी, कळमनुरीकडचं एक स्थळ आलं. फोटो पाठवणं साडूंना मागासलेपणाचं वाटलं. त्यांनी वर्षाची डीव्हीडी पाठवली. मंडळी दुसऱ्याच आठवड्यात जीप भरून दारात हजर झाली. वर्षा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. गोल चेहऱ्याची, ठेंगणी, हसरी पोरगी. मुलाच्या आईने तिच्या डोक्यावरून मागे दारात पाहिलं आणि विचारलं, “मोठी बहीन कुठंय?”

“मोठी बहीन न्हाई. हीच वर्षा,” साडू म्हणाले.

“सीडीत तर चांगली उंच होती!” मुलाचे वडील उठले. “हे फसवून राहिले का आमाला?”

अशा वेळी शहाणा माणूस हात जोडतो. साडूंनी परात आणली. ती सगळ्यांसमोर धरून, चित्र दोन्ही बाजूंनी कसं दाबलं जातं, हे ते पाहुण्यांना समजावू लागले. पाहुणे पोह्यांना हात न लावता गेले.

वर्षाने बशा गोळा केल्या. आत जाताना ती थांबली. “बाबा, मी जेवढी हाय तेवढीच दाखवता येत न्हाई का तुमाला?”

साडूंनी त्या दिवसानंतर टीव्हीला दोष दिला नाही. ज्याला त्यांनी आजवर हात लावला नव्हता, ते कॅमेऱ्याचं इंग्रजी माहितीपुस्तक त्यांनी बाहेर काढलं आणि शब्दकोश उघडून ओळ ओळ वाचलं. डीव्हीडी करताना संगणक चित्राचा आकार विचारतो, जुना चौकोनी की ‘वाइड’ म्हणजे रुंद. आणि हे गृहस्थ जो पहिला दिसेल तो निवडून मोकळे होत होते. दुसरा निवडला, आणि सेनगावची सगळी माणसं आपापल्या उंचीवर आली. याबद्दल आभार कुणी मानले नाहीत. “वर-खाली काळे पट्टे काहून? अर्धा टीव्हीच खाल्ला की!” ही तक्रार नात्यात सार्वत्रिक होती. माझ्या बायकोने नवी डीव्हीडी एकदाच पाहिली आणि साडूंना जुनीच चांगली होती असं कळवलं. ते बधले नाहीत.

पुढचं स्थळ आमच्याकडच्याच गोरेगावच्या एका शिक्षकाचं. त्याच्याकडे गेलेल्या डीव्हीडीत वर्षा होती तेवढीच होती. त्याच्या वडिलांनी घरी येऊन तिला पाहिलं आणि ते म्हणाले, “सीडीत पाहिली तशीच हाय पोरगी. बराबर.” साडूंनी उपरण्याने डोळे टिपले. त्यांच्या कामाला मिळालेली ही एकमेव पावती.

लग्नाचं चित्रण अर्थातच त्यांनी स्वतः केलं. मुलीच्या बापाने अक्षता टाकायच्या सोडून खुर्चीवर चढून उभं राहणं आमच्याकडे तरी पहिल्यांदाच घडलं. डीव्हीडी झकास झाली आहे. पाठवणीपाशी मात्र चित्र एकदम खाली येतं. वर्षा गळ्यात पडली तेव्हा त्यांनी कॅमेरा सोडून दिला. तो त्यांच्या गळ्यात चालूच लोंबत राहिला. बराच वेळ नुसती मांडवातली सतरंजी दिसते, आणि मधूनमधून कुणाची तरी चप्पल.

“एवढा तुकडा कापून टाका,” मी त्यांना सुचवलं होतं.

“पोरीला इचारलं. नको म्हनली.”

परवा तो भाग पुन्हा पाहिला. सतरंजीचा धागा न् धागा स्वच्छ, सगळं अगदी प्रमाणात. माणूस मात्र कुणीच नाही. फक्त वरून कुठूनतरी साडूंचा घोगरा आवाज येतो, “जा बाई, जा. जीप थांबून राहिली.”