मेतकुटाची पिशवी

लंडनला जातेय म्हटल्यावर वर्गातल्या सगळ्यांनी माझा हेवा केला होता. मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका आडगावात मास्टर्स करते, तिथून लांब पल्ल्याच्या बसने आले. उतरल्यावर राजधानीचं पहिलं दर्शन काय, तर फुटपाथवर आदल्या रात्रीची कुणाची तरी ओकारी आणि ती आवडीने टिपणारं कबुतर. शी! तेव्हा नाकावर दाबलेला मफलर मी दोन दिवस काढलाच नाही.

हॉस्टेलचं तर विचारूच नका. आठ जणींची एक खोली, शॉवरच्या जाळीवर सोनेरी, काळ्या, लाल केसांचा बोळा, उशीला परक्या डोक्याचा वास. त्या सुप्रसिद्ध लाल टेलिफोनच्या खोक्यापुढे लोक फोटोसाठी रांग लावून उभे होते. मी हौसेने दार उघडलं, तर मुताचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणीच आलं. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, शेजारच्या बाईने चिप्स खाऊन बोटं सीटला पुसली, छान सावकाश, एकेक करून. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही.

आणि या सगळ्या घाणीतून मी एक किलोभर मेतकूट छातीशी धरून हिंडत होते. हॉस्टेलच्या लॉकरला कडीच नव्हती, मग करणार काय?

मेतकूट आईने साताऱ्याहून निघताना दिलं होतं, लंडनच्या पिनर भागात राहणाऱ्या मावशींसाठी. मावशी म्हणजे आईची बालमैत्रीण. एका गल्लीत वाढल्या, एका बाकावर बसल्या, मग मावशी लग्न करून इकडे आल्या. त्यांची आई मागे एकटी राहिली. त्या आजींचं औषधपाणी, डबा, शेवटी बेडपॅनसुद्धा माझ्या आईने केलं. आजी गेल्या तेव्हा मावशींना रजा मिळाली नाही, त्यांनी सगळं व्हिडिओवर पाहिलं. आई एवढंच म्हणाली, "यायला हवं होतंस गं." तिकडून फोन कट झाला, तो झालाच. आई रोज फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

"एवढी पिशवी तिच्या हातात दे," आई मला म्हणाली होती, "मग बोलेल ती माझ्याशी." मला हे काही पटलं नव्हतं. मेतकुटाने कुणाचा रुसवा जातो? पण आईचा चेहरा बघून मी पिशवी बॅगेत भरली.

मावशींनी राहायला बोलावलं नाहीच. "वीकेंडला कार्पेट क्लीनिंग आहे बेटा, टीला ये." घर मात्र काय चकचकीत! दारातच बूट काढले, कोट गॅरेजमध्ये टांगला, म्हणे घरात वास नको. दोन दिवसांत पहिल्यांदाच मी नाकावरचा मफलर खाली घेतला. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

"अय्या, मेतकूट!" मावशी म्हणाल्या. "तुझ्या आईला अजून कुठून वेळ मिळतो गं?" पिशवी ओट्यावर ठेवली आणि लगेच हात धुतले. आम्ही चहा घेतला. आई कशी आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मी वर बाथरूमला जाऊन आले, तोवर ओटा रिकामा होता आणि कसल्या तरी स्प्रेचा लिंबाचा वास सुटला होता. रिकामी प्लॅस्टिकची पिशवी धुऊन नळावर वाळत घातलेली. डब्यात भरलं असेल, असं मला वाटलं. मी निरोप घेतला.

फाटकाजवळ कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, उष्ट्या-खरकट्याचा बिन होता. झाकण नीट लागलं नव्हतं आणि कडेला पिवळं सांडलं होतं. झाकण उचलून पाहिलं. ओल्या टी-बॅग्ज, कोंबडीची हाडं, बुरशी आलेला पाव आणि त्यावर माझ्या आईची आख्खी पिशवी ओतलेली. अन्न अन्नात, प्लॅस्टिक धुऊन प्लॅस्टिकमध्ये. काय ती शिस्त! वरून कीर्तन, आतून तमाशा! त्या कबुतराची नाही आली एवढी शिसारी मला त्या स्वच्छ घराची आली. मी तरातरा स्टेशनकडे निघाले.

वाटेत आईचा फोन. "दिलीस का गं?"

"दिली."

"उघडली का तिने? नीट उघडायला सांग हं. आत पुरचुंडी आहे. तिच्या आईची नथ आहे त्यात. तुला सांगितलं असतं तर तू विमानभर घाबरून बसली असतीस."

दागिने डाळीच्या डब्यात लपवणाऱ्या बायका आमच्या! फोन तसाच चालू ठेवून मागे पळत सुटले. झाकण उघडलं, बाही वर केली आणि हात घातला. कोमट, बुळबुळीत, त्यात भिजून चिखल झालेलं मेतकूट. मी चाचपत राहिले. एक हाड लागलं, मग अंड्याचं टरफल, मग तळाशी गाठ मारलेलं फडकं.

घराचं दार उघडून मावशी बाहेर आल्या. "अगं! शी! काय करतेस? नेबर्स काय म्हणतील?"

"तुमच्या आईची नथ," मी ओरडलेच. "घ्या! पुसून घ्या, नाहीतर हात घाण होतील."

मावशींनी फडकं ओळखलं. आजींच्या लुगड्याचा काठ होता तो. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. "मला काय माहीत... मला वाटलं, तुझ्या आईने परत काहीतरी ऐकवायलाच पाठवलंय. नको वाटलं ते घरात."

दुसऱ्या हातातला फोन चालूच होता. आईने सगळं ऐकलं होतं. मी स्पीकर लावला.

"माझं नव्हतं गं ते मेतकूट," आई म्हणाली. आवाज अगदी साधा. "तुझ्या आईने केलेलं होतं. अंथरूण धरायच्या आधी, एकटीने भाजून, दळून आणून. लेकीला पोचव म्हणाली. चव घेतलीस की तुझं तुलाच कळेल, म्हणून मी सांगितलं नाही."

मावशींनी बिनकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. मनगटापर्यंत पिवळा, मधे चहाचा चोथा, कोंबडीचा तेलकट ओशटपणा. त्यांनी माझा हात धरला, तळव्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट तोंडात घातलं.

मला भडभडून आलं. तरी मी हात मागे घेतला नाही.