जाईच्या वाटणीची घंटी

डोंगरकडा गावात उद्धव गुरुजींच्या घरी आतल्या खोलीला महिनाभर कडी होती, आणि अख्ख्या आळीला त्या कडीची काळजी लागून राहिली होती. एकटा म्हातारा माणूस, बायको कालिंदी कधीच गेली, पोरगी नीलांबरी तिकडं जर्मनीत. ह्याच्याकडं लपवण्यासारखं आहे तरी काय? लोकांचं असंच असतं बघा. कडीची चौकशी सगळे करतात, जेवलात का म्हणून कुणी विचारत नाही.

लपवलेलं होतं ते एक झाड.

त्याचं असं झालं. नीलांबरीचा नवरा जर्मन. तो, ती आणि त्यांची सात वर्षांची जाई यंदा नाताळच्या सुट्टीत डोंगरकड्याला येणार होते. जाईनं फोनवरच बजावलं, "आजोबा, झाड पाहिजे हं." मग जावई सांगत गेला आणि नीलांबरी मराठीत समजावत गेली. त्यांच्याकडं थंडीत बाकीची झाडं उघडीबोडकी होतात, हे नाताळचं झाड तेवढं हिरवं राहतं, म्हणून लोक जुन्या काळापासून ते घरात आणतात. पूर्वी त्याला सफरचंदं टांगायचे, काडाच्या चांदण्या बांधायचे, खऱ्या मेणबत्त्या लावायचे, आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवायचे. गुरुजींना ती बादली फार पटली. पण खरी गंमत पुढंच होती. जावयाच्या आजीच्या घरी झाड बंद खोलीत सजवायचे. चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत लेकरांनी आत डोकावायचं नाही. मग आतून घंटी वाजायची, अन् घंटी वाजली की दार उघडायचं.

"घंटीचं माझ्याकडं लागलं!" गुरुजी एकदम खुलले.

जन्मच गेला होता त्यांचा घंटी वाजवण्यात. गुडघ्यांनी दगा दिला तशी गावच्या देवळाची पूजा पुतण्याकडं गेली. पण घरच्या देवांपुढं त्यांची पितळी घंटी रोज सकाळी वाजायची, आणि ती ऐकून तांड्यावरून दूध घेऊन येणाऱ्या रुख्मिणीबाई भराभर पाय उचलायच्या.

झाड आणलं रुख्मिणीबाईंच्या पोरानं, देविदासनं, वारंगा फाट्याच्या नर्सरीतून, रिक्षात कुंडी आडवी घालून.

"गुरुजी, ह्याला फळ येतं का?"

"न्हाई."

"फूल?"

"ते बी न्हाई."

"मग काहून आणून राहिले?"

"नात येऊन राहिली माझी," गुरुजी म्हणाले, आणि कुंडी आत जाताच खोलीला कडी घातली. कुणाला सांगू नको, म्हणून देविदासला शपथ घातली ती वेगळी.

मग काय, म्हाताऱ्याला दिवस पुरेना. कडब्याची धाटं सोलून त्यांनी चांदण्या केल्या. बोटं कापली, तरी केल्या. दिवाळीची लाइटची माळ काढली. लाल सफरचंदं दोऱ्यानं टांगली. जाई दाराबाहेर कशी उभी राहील, कडीला कान लावील का पायरीवर नाचेल, हेच त्यांच्या डोक्यात. भाकरी करपायची तिकडं.

निघायच्या दोन दिवस आधी नीलांबरीचा फोन आला. "बाबा, सासूबाई बर्फावरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. आता कसं निघायचं हो?"

"अगं, असू दे, असू दे. त्यांना बघा आधी," गुरुजी म्हणाले. फोन ठेवला आणि भिंतीला ऐकवलं, "त्या बाईला घसरायला आत्ताच मुहूर्त सापडला का!" मग स्वतःचीच लाज वाटली. देवापुढं जाऊन त्या न पाहिलेल्या विहीणबाईंसाठी हात जोडले.

चोवीस तारीख मात्र कुणाच्या फोनसाठी थांबली नाही. दिवेलागणीला गुरुजी धुतलेलं धोतर नेसून खोलीत गेले. दार लावलं, माळ लावली. झाड दिसलं मोठं देखणं. त्यांनी देवघरातून आणलेली घंटी वाजवली, चांगली खणखणीत, आणि दाराकडं बघत राहिले.

दार कोण उघडणार?

मग ते बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि जाई उभी राहिली असती तिथं जाऊन उभे राहिले. आता घंटी कोण वाजवणार? एका माणसाला हा सण करताच येत नाही, हे त्यांना तिथं उभं राहून कळलं. कालिंदी असती तर घंटी तिच्या हातात दिली असती, एवढं तरी झालं असतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर जाईचं नाक.

"आजोबा, तू घंटी वाजवली?"

गुरुजींनी बंद दाराकडं पाहिलं. "न्हाई गं बाई."

"वाजवू नको हं. घंटी वाजली तर दार उघडावं लागतं. मग माझं झाड संपलं. मी येते, मग वाजव."

"कधी येशील?"

"आई म्हणते, पुढच्या वर्षी."

"बरं," गुरुजी म्हणाले. "तोवर न्हाई वाजवत."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणीबाई उशिरा आल्या, आणि आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या. "गुरुजी, तब्येत बराबर हाय ना? आज घंटी न्हाई आली कानावर. मी म्हनलं, म्हाताऱ्याचं काय झालं."

"पूजा झाली," गुरुजी म्हणाले. "तशीच केली."

रुख्मिणीबाईंनी दारातूनच देवघराकडं नजर टाकली. फुलं वाहिलेली, दिवा तेवत होता. घंटी जागेवर होती, आणि तिच्यात वातीचा कापूस गच्च कोंबलेला होता.

"अगं माय! हा कापूस काहून?"

"चुकून हात लागायचा," गुरुजी म्हणाले, आणि दुधासाठी पातेलं पुढं केलं. "ती वाजली की दार उघडावं लागतं, रुख्मिणीबाई. अन् लेकरू अजून यायचं हाय."